पोपटाचे पिल्लू घरी आणाल तेव्हा



मागच्या आठवड्यात वर्ग सुटला. सगळे पाट्या-पुस्तके आवरून निघाले. एक भाऊ मागे थांबले. म्हणाले, "आमची धाकटी हट्ट धरून बसलीय. जत्रेतून पोपट आणायचा म्हणते. आणू का?"

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर बोलू. कारण पोपट आणणारे घर एकच नसते. आज एका घरी येतो, उद्या शेजारच्या पोराला हवा होतो. आणि आणल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत त्यातले कितीतरी मरतात. आमच्याही घरी एक मेला आहे. तो कसा मेला, ते आज तुम्हाला सांगणार आहोत. पण आधी एक गोष्ट स्पष्ट करू.

पोपट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोणता पोपट येतो? हिरवागार, लाल चोचीचा, नराच्या गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला. पेरू कुरतडणारा, ज्वारीच्या कणसावर उतरणारा. तो आपला गावचा राघू. आपल्या आज्यांनी तो पिंजऱ्यात पाळला, त्याला विठ्ठल विठ्ठल म्हणायला शिकवले. पण आता तसे करता येत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या देशातले जे रानपक्षी त्या कायद्याखाली येतात, ते धरणे, विकणे, विकत घेणे, घरात कोंडून ठेवणे, हा गुन्हा आहे. राघू त्यात आला. त्याहून मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट त्यात आला. जांभळट लाल डोक्याचा छोटा पोपटही आला. जत्रेत कोणी टोपलीखाली झाकून ही पिल्ले विकत असेल तर घेऊ नका. विकणारा गुन्हेगार आणि घेणाराही गुन्हेगार.

कायद्याचे सोडा. ती पिल्ले कशी आणतात ते पाहा. झाडाच्या ढोलीत हात घालून ओढून काढतात. अंगावर पुरती पिसेही नसतात. टोपलीत भरतात. त्यातली किती वाटेतच मरत असतील, त्याचा हिशेब कोण ठेवतो? आपल्याला दिसते ते जगलेले एक.

कधी वादळात ढोलीचे झाड पडते आणि पिल्लू खाली सापडते. मग काय करायचे? ढोल शाबूत असेल आणि हात पोहोचत असेल तर पिल्लू परत आत ठेवायचे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. आई येते. आपण मात्र लांब जाऊन बसायला हवे. पिल्लू परत ठेवता येत नसेल, तर भोके पाडलेल्या खोक्यात मऊ फडके घालून ठेवा आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यांच्या मदतीच्या फोनचा क्रमांक १९२६ आहे. तोवर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. दूध पाजू नका. पाणी श्वासनळीत गेले की पिल्लू जागच्या जागी मरते.

मग मुलांनी पोपट पाळूच नये का? पाळता येतो. ऑस्ट्रेलिया नावाच्या दूरच्या देशात एक चिमुकला पोपट आहे. त्याचे नाव बजरीगर. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून ते नाव आले. आपल्या बाजरीशी त्याचा काही संबंध नाही, पण बाजरी मात्र तो आवडीने खातो! १८४० साली जॉन गोल्ड नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने तो जिवंत इंग्लंडला नेला. तेव्हापासून त्याची पैदास माणसाच्या घरात होत आली. हिरवा, पिवळा, निळा, पांढरा, असे त्याचे रंग. आपल्या बाजारात सगळे त्याला 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड वेगळा, तो आफ्रिकेतला. पण नावावरून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. घरात पैदास झालेला हा पक्षी पाळायला आपल्याकडे मनाई नाही. आज बोलायचे ते याच्याविषयी.

याचे वजन किती असेल? ३० ते ४० ग्रॅम. गावठी कोंबडीचे अंडे साधारण तेवढेच भरते. एवढ्याशा जिवाच्या पोटात साठा तो किती? बैल एक दिवस वैरणीवाचून उभा राहील. हा पक्षी एक दिवस उपाशी राहिला की खंगतो. दुसरा दिवस त्याला बहुधा दिसत नाही. हे लक्षात ठेवा, कारण आमच्या घरी जे झाले ते यामुळेच झाले.

आम्ही पहिले पिल्लू आणले ते एका बाजारातून. हिरवे होते, डोके पिवळे. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या, सगळं खातं." आम्ही विश्वास ठेवला. पिंजरा ओटीवर टांगला. घरात पोरांची गर्दी झाली. कोणी बोट घालतो, कोणी शीळ घालतो, कोणी पिंजरा हलवतो. पिल्लू एका कोपऱ्यात अंग चोरून बसले. पहिला दिवस त्याने काही खाल्ले नाही. आम्ही म्हटले, नवीन आहे, खाईल. दुसऱ्या दिवशी वाटीपाशी आले, टकटक आवाज झाला. आम्हाला आनंद झाला. वाटी पाहिली तर भरलेली. म्हटले, अजून पुष्कळ आहे. तिसऱ्या दिवशीही वाटी भरलेली. चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले. धाकटा मुलगा ते ओंजळीत घेऊन बसला. त्याने कोणालाच हात लावू दिला नाही.

आम्हाला वाटले, रोग असेल. जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पिल्लाच्या छातीवरून बोट फिरवले. मधले हाड सुरीच्या धारेसारखे वर आले होते. दोन्ही बाजूंचे मांस गेलेले. मग त्यांनी विचारले, "दाणे काय देत होता?" आम्ही वाटी बरोबरच नेली होती. अभिमानाने पुढे केली. पाहा, भरलेली आहे.

डॉक्टरांनी वाटीवर हळूच फुंकर मारली.

सगळे उडून गेले. ती फोलपटे होती. तळाशी पाचसात दाणे उरले होते.

हा पोपट दाणा सबंध गिळत नाही. चोचीत धरून सोलतो, आतला गर खातो आणि साल तिथेच वाटीत टाकतो. सालींचा थर वर साचतो. लांबून पाहणाऱ्याला वाटी भरलेली दिसते. मोठा, जाणता पक्षी तो थर उकरून खालचे दाणे काढतो. घाबरलेले पिल्लू काढत नाही. ज्या घरात रोज सूप वाजते, ज्या घरातल्या बायकांना आवाजावरून दाणा आणि कोंडा ओळखता येतो, त्या घरात हे पिल्लू भरल्या वाटीसमोर उपाशी मेले.

दुकानदाराने फसवले का? थोडे फसवले. ते पिल्लू फार लहान होते, अजून पुरते सोलायला शिकले नव्हते. पण चार दिवस ते आमच्या घरात होते, त्याच्या नाही.

आता दुसऱ्या खेपेला आम्ही काय केले, ते सांगतो.

पिल्लू निवडताना घाई केली नाही. बजरीगरचे पिल्लू पाचएक आठवड्यांचे झाले की घरट्यातून बाहेर पडते. त्यानंतरही काही दिवस बाप त्याला भरवतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. वय कसे ओळखायचे? कोवळ्या पिल्लाच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत बारीक काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांनी पिसे झडून नवी येतात, तेव्हा कपाळ स्वच्छ होते. पिल्लाचे डोळे सगळे काळे दिसतात. मोठ्या पक्ष्याच्या बुबुळाभोवती पांढरे कडे येते. साधारण हे नियम. काही रंगांच्या पक्ष्यांत, विशेषतः पिवळ्या-पांढऱ्यांत, रेघा दिसत नाहीत. पण वयापेक्षा महत्त्वाची खूण वेगळीच आहे. दुकानात पाव तास उभे राहा. आपल्याला हवे ते पिल्लू स्वतः दाणा सोलून खाते की नाही, हे डोळ्यांनी पाहा. नुसती चोच वाटीत घालते ते चालणार नाही. पिसे फुलवून, डोळे मिटून बसलेले घेऊ नका. मागची पिसे विष्ठेने चिकटलेली असतील, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत असेल, तर ते आजारी आहे. दया येते खरी. पण आजारी पिल्लू नवख्याच्या हाती टिकत नाही.

तिथे ते जे धान्य खात असेल, तेच अर्धा किलो विकत घ्या. हे विसरू नका. घर बदलले, माणसे बदलली, आवाज बदलले. निदान दाणे तरी ओळखीचे राहू द्या. धान्य बदलायचे असेल तर ते पंधरा दिवसांनी, थोडे थोडे मिसळून.

घरी आणायचे ते उघड्या पिंजऱ्यात नाही. पुठ्ठ्याचे लहान खोके घ्या, बाजूंना भोके पाडा, तळाशी फडके पसरा. अंधारात पक्षी शांत राहतो. मोटारसायकलवर पिंजरा हातात धरून आणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. वाऱ्याने आणि भीतीने पिल्लू अर्धमेले होऊन पोहोचते. सकाळच्या एसटीने आणा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला नवे घर पाहायला दिवस मिळतो.

पिंजरा आधी तयार हवा. पिल्लू आल्यावर पिंजरा शोधायला जाऊ नये. आपल्याकडे उंच, गोल, घुमटाचे पिंजरे देखणे म्हणून घेतात. पक्षी काय पाण्याच्या पंपासारखा सरळ वर उडतो? तो आडवा उडतो. म्हणून पिंजरा लांब हवा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, एवढा तरी असावा. दोन तारांत अर्धा इंच अंतर, त्याहून जास्त नको. जास्त असले तर पिल्लू डोके बाहेर काढते आणि अडकते. जाळी नव्या जस्ताची असेल तर तिच्यावरची पूड आणि सुटे कण चोचीतून पोटात जातात आणि विष होते. व्हिनेगर लावून ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, मग पक्षी आत सोडा. बसायला गुळगुळीत दांडी नको. कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या घाला, काही बोटाएवढ्या जाड, काही जरा कमी. फवारा मारलेल्या बागेतल्या नकोत. पाय वेगवेगळ्या जाडीवर बसले की दुखत नाहीत.

पिंजरा ठेवायचा कुठे? घरात यावरून वाद होतो. म्हातारी माणसे म्हणतात ओटीवर, मुले म्हणतात अंथरुणाशेजारी, आणि बाई म्हणते, स्वयंपाकघरात, म्हणजे माझे लक्ष राहील. स्वयंपाकघरात कदापि नको. पक्ष्याची श्वासाची रचना आपल्यापेक्षा वेगळी आहे. फुप्फुसाला जोडून अंगात हवेच्या पिशव्या असतात. हवेतले विष त्याच्या अंगात आपल्यापेक्षा फार लवकर भिनते. इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत याच कारणासाठी पिंजऱ्यातला छोटा पक्षी बरोबर नेत. पक्षी कोसळला की खाणकामगार बाहेर पळत. १९८६ सालापर्यंत ही रीत चालू होती. तेव्हा चुलीचा धूर, करपलेले तेल, डासांची अगरबत्ती, धुपाटणे, यांपासून पोपट लांब ठेवा. आता घरोघर न चिकटणारे काळे तवे आले आहेत. रिकामा तवा गॅसवर विसरला आणि फार तापला, तर त्यातून वायू निघतो. माणसाला वासही येत नाही आणि पोपट मरतो. खोलीतल्या किड्यांवर औषध फवारायचे असेल तर आधी पिंजरा दुसरीकडे न्या. शेतातून आल्यावर फवारणीचा पंप ओटीवर ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ती मुलांसाठीही वाईटच आहे.

ओटीवर उघड्यावर नको म्हणतो ते मांजरासाठी, आणि कावळा-शिक्र्यासाठी. मांजराने पिंजरा नुसता पंज्याने ओरबाडला आणि पक्ष्याला बारीक नख लागले, रक्तही दिसले नाही, तरी दोन दिवसांत पक्षी जातो. मांजराच्या नखा-दातांतले जंतू त्याच्या रक्तात जातात. असे झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उंदरांमागे साप येतो, तोही पिंजऱ्याच्या तारांतून शिरतो. म्हणून सांडलेले दाणे रात्री झाडून टाका. पिंजरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, एक बाजू भिंतीला लागलेली. चारही बाजू उघड्या असल्या की पिल्लाला सारखे मागे पाहावे लागते. पाठीला भिंत असली की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. पत्र्याचे घर असेल तर उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली टांगू नका. चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून बसला म्हणजे त्याला ऊन सहन होत नाही. सावलीत न्या, पसरट बशीत पाणी ठेवा. तो आपणच आंघोळ करील.

आता आल्यानंतरचे दिवस. दुसरे पिल्लू आले तेव्हा आम्ही घरात एक कायदा केला. तीन दिवस पिंजऱ्याला कोणी हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ दाणा-पाणी बदलायला एकच माणूस जाणार. बाकीच्यांनी लांब बसून आपली कामे करायची. धाकट्याला हा कायदा फार जड गेला. मग त्याला एक काम दिले. पिंजऱ्यापासून चार हातांवर बसून रोज मोठ्याने वाचायचे, शाळेचे पुस्तक, काहीही. पक्ष्याला आवाजाची ओळख होते आणि मुलाचे वाचनही होते. पहिल्या दिवशी पिल्लू मागच्या भिंतीला चिकटून होते. तिसऱ्या दिवशी मान वाकडी करून ऐकू लागले.

आणि वाटी. ती दिवसातून दोनदा आम्ही बाहेर काढत असू. सुपात घ्यायची नाही, नुसती फुंकर मारायची. फोलपटे उडाली की खाली काय उरले ते पाहायचे. पहिले दोन दिवस एक वाटी दांडीजवळ टांगली आणि थोडे दाणे तळाच्या कागदावरही पसरले. घाबरलेले पिल्लू खाली उतरून खाते, ते त्याला सोपे जाते. राळ्याचे सबंध कणीस तारेला बांधले. ते त्याला फार आवडते. राळे कुठे कुठे कांग म्हणतात. राळे, बाजरी, थोडी नाचणी, हे त्याचे जेवण. मोड आलेले राळे पिल्लाला सोलायला हलके जातात, पण उन्हाळ्यात दोन-तीन तासांत काढून टाका, आंबतात. कोथिंबीर, मेथी, पालक द्या, चांगली धुऊन. चुन्यासाठी समुद्रफेन तारेत अडकवा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, कोकणातल्या किनाऱ्यावर तर फुकट.

धान्य घरचे आहे म्हणून डोळे मिटून देऊ नका. पेरणीतून उरलेले बियाणे, ज्याला गुलाबी किंवा निळसर औषध चोळलेले असते, ते विष आहे. किडीच्या औषधाच्या गोळ्या ठेवलेल्या कोठीतले धान्यही नको. बुरशी आलेले, कुबट वास येणारे तर नकोच. चहात बुडवलेली पोळी, चिवडा, शेव, चॉकलेट, हे आपले लाड आपल्यापाशी.

पाणी रोज सकाळी बदला. भांडे बोटाने आतून घासा, बुळबुळीत लागते ते जंतूंचे असते. तळाला वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. बदलताना त्याकडे एक नजर टाका. तब्येतीची सगळी हकीकत त्या कागदावर असते. बरा पक्षी दिवसभरात पुष्कळदा घाण करतो. ती घट्ट असते, हिरवट, मध्ये पांढरा ठिपका. कागद जवळजवळ कोरा असला तर पक्षी खात नाही. नुसते पाणी असले, हिरवट चिकट असले, तर आजार आहे. आणखी एक पाहा. पक्षी आजार लपवतो. रानात जो आजारी दिसतो त्याला ससाणा आधी धरतो, म्हणून ही त्याची जन्माची सवय. तो पिसे फुलवून तळाशी बसला, म्हणजे आजाराला कितीतरी दिवस झालेले असतात. उद्या पाहू म्हणू नका. उबदार जागी ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत, त्यांनी जास्त जपावे. मानमोडीचा रोग पोपटाकडून कोंबडीला आणि कोंबडीकडून पोपटाला लागू शकतो. नवे पिल्लू खुराड्यापासून लांब ठेवा. कोंबड्यांचे केले की हात साबणाने धुवा, मगच पोपटाचे करा. घरी आधीचा पोपट असेल तर नवा महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. माणसालाही पोपटाच्या वाळक्या विष्ठेच्या धुळीतून एक ताप येऊ शकतो. ताप, कोरडा खोकला, डोके दुखणे. नेहमी होत नाही, पण होतो. म्हणून कागद काढताना आधी त्यावर पाणी शिंपडा आणि ताप आला तर डॉक्टरांना सांगा, आमच्या घरी पोपट आहे. न विचारता सांगा.

रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर सुती कापड टाका आणि लांब एक मंद दिवा राहू द्या. गडद अंधारात मांजर धावले, फटाका वाजला, तर तो दचकून उडतो आणि तारांवर आपटून पंख मोडून घेतो. दिवाळीत पिंजरा आतल्या खोलीत हवा.

आठवडा गेला की मग हात. पिंजऱ्याबाहेरून हात तारेवर नुसता टेकवा. पळाला नाही की दुसऱ्या दिवशी कणीस बोटांत धरून दाराशी न्या. तो येईल. आज नाही आला तर चार दिवसांनी येईल. मुठीत धरून 'माणसाळवायला' जाऊ नका. एकदा मुठीत धरलेला पक्षी महिनाभर हाताला भितो. खोलीत मोकळा सोडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर फडके, पाण्याच्या बादलीवर झाकण. पंख्याने मेलेल्या पोपटांची गोष्ट जवळजवळ प्रत्येक पोपटवाल्या घरात ऐकू येते.

तो बोलेल का, असे सगळे विचारतात. नर असेल तर काही शब्द बोलेल, फार बारीक, घाईघाईच्या आवाजात. न बोलला तर रागावू नका. त्याहून मोठा प्रश्न त्याच्या एकटेपणाचा आहे. हा थव्याने राहणारा पक्षी. घरातली सगळी माणसे दिवसभर रानात असतील तर एक आणू नका. दोन आणा, किंवा आणूच नका. हे आमचे मत आहे. काहींना पटत नाही. पण रिकाम्या घरात दिवसभर एकटा बसून स्वतःची पिसे उपटणारा पक्षी पाहिला, की आम्हाला दुसरे मत सुचत नाही.

एका आजींनी परवा विचारले, कंटाळा आला तर एकादशीला सोडून द्यावा का, पुण्य लागेल. आजी, राघू असता तर रान त्याचे होते, तरी त्यालाही वनखात्याच्या हाती द्यावे लागले असते. हा तर परमुलखातला. पिंजऱ्यात जन्मलेला. दाणा शोधायचा कसा, हे त्याला माहीत नाही. पिवळा-निळा रंग कावळ्याला लांबून दिसतो. संध्याकाळपर्यंत तो राहत नाही. नकोसा झाला तर सांभाळणारे घर शोधून द्या. सात-आठ वर्षे जगतो. आणताना धाकटीचे वय विचारा आणि त्यात आठ मिळवा. तोवर ती सासरी गेली असेल किंवा शिकायला तालुक्याला. मग वाटी कोण पाहणार, हे आजच घरात ठरवून घ्या.

आमचा दुसरा पक्षी नवव्या दिवशी धाकट्याच्या बोटावर आला. बोटावर बसला, कणसातला एक दाणा घेतला, सोलला आणि साल त्याच्याच तळहातावर टाकली. धाकट्याने ती आम्हाला आणून दाखवली. फुंकर मारली नाही. पुस्तकात ठेवली.

आता ज्यांनी प्रश्न विचारला ते भाऊ मागे बसले आहेत. जत्रा पुढच्या सोमवारी आहे. त्यांनी रविवारी पिंजऱ्याची तार घेऊन यावे. तारांमधले अंतर आपण इथेच पट्टीने मोजू.